उलटं लावलेलं आलं

झाशीहून बरुआसागरला जाणाऱ्या बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले होते. सत्तरीचे गृहस्थ, मांडीवर काचेच्या दोन बरण्या. दोन्हींत माती आणि काचेला चिकटून आल्याचा एकेक तुकडा. खड्डा आला की ते बरण्या अलगद उचलून धरत, मग स्वतःचं डोकं खिडकीवर आपटलं तरी चालेल.

मी विचारण्याचीच ते वाट बघत होते. आलं डोळा वर ठेवूनच लावावं, नाहीतर कोंब खाली जाऊन कुजतो, असं ते आयुष्यभर भांडून सांगत आले होते. थोरली बहीण म्हणायची, कसंही लावा, कोंब वाट काढतो. शेवटी त्यांनी एक तुकडा सुलटा लावला, एक उलटा. माती तीच, पाणी तेवढंच.

नुसता उलटाच लावायचा होता की, मी म्हटलं.

"फिर तुलना किससे करते, भैया?"

उलट्या तुकड्याचा कोंब आधी खाली गेला होता आणि काचेलगत वळून थेट मातीबाहेर आला होता.

आमच्या घरात चूक कबूल करायची तर माणसं आधी पंचांग बघतील. हे मात्र बस थांबायच्या आधीच खिडकीतून बरणी उंचावून ओरडले, "जिज्जी, हम हार गए!"

स्टँडवर उभ्या असलेल्या बहिणीने बरणी घेतली, फिरवून फिरवून पाहिली.

"एक से क्या होता है? फिर लगाकर देखो."

"लगाएँगे, लगाएँगे!" म्हणत, दुसरी बरणी खांद्यावर घेऊन, गदा जिंकलेल्या पहिलवानासारखे ते तिच्यापुढे चालू लागले.