अक्काच्या कोनाड्यातली काळी गोळी

मी एकदा मांजराच्या पिल्लाला अफू चारली. चुकून चारली असं म्हणायला जीभ रेटत नाही. चांगली गोळी चुरडून, दुधात कालवून, "पी गं बाई, ताकद येईल," असं म्हणत लाडानं चारली. ही गोष्ट तीस सालाच्या आसपासची. लग्न होऊन मी नुकतीच सोलापुरात आले होते. वय पंधरा, आणि जगात आपल्याला न कळण्यासारखं आता फारसं काही उरलेलं नाही अशी माझी पक्की समजूत. इतका शहाणपणा मला पुढे जन्मात कधी आला नाही.

आम्ही गिरणीमागच्या चाळीत राहायचो. हे गिरणीत कारकून. दिवसभर घरात मी नि सासूबाई. पिल्लू मला चाळीमागच्या कोरड्या गटारात सापडलं. दोन कावळे पाळीपाळीनं त्याला टोचत होते, म्हणून नजर गेली. डोळे चिपडांनी गच्च मिटलेले, पोट खपाटीला, अंगावर पिसवांचा बाजार. पदरात घालून घरी आणलं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला, पण टाकून ये म्हणाल्या नाहीत. मुक्या जीवाला घोटभर दूध घालणं पुण्याचं. ते रडायला लागलं तेव्हा मात्र त्यांचं पुण्य आटलं.

आणि रडायचं म्हणजे काय, अखंड. कोमट पाण्यानं डोळे पुसावे तर रडे, वातीनं तोंडात दूध पिळावं तर निम्मं ओकून टाकी, आणि ओकून झालं की पुन्हा सूर लावी. शेवटी एका सकाळी सासूबाईंनी निकाल दिला.

"घरात मांजर रडणं चांगलं नव्हे. आज दिवेलागणीपर्यंत गप झालं नाही, तर तो गिरणीतनं आला की पोत्यात घालून रुळांपलीकडे सोडून यायला सांगीन."

रुळांपलीकडे कुत्र्यांचं राज्य होतं. धडधाकट बोका तिथून परत आला नसता. हे तर आंधळं, लटपटणारं पोर. मला काहीतरी करणं भाग होतं, आणि त्या काळी मला काही सुचलं की ते ताबडतोब करायची खोड होती.

आमच्या शेजारच्या खोलीत अक्का राहायची. गिरणीत सुताच्या खात्यात कामाला होती. नवरा गावाकडे मेंढरं राखायचा. अक्का सकाळच्या भोंग्याला तान्हं पोर झोळीत ठेवून जायची, आणि दुपारच्या सुट्टीत त्याला पाजायला धावत यायची. मधे पोराकडे लक्ष द्यायचं काम माझ्याकडे. काम कसलं, नुसतं डोकावायचं. ते पोर कधी रडतच नसे. मी एकदा विचारलं होतं, तर अक्का कोनाड्यातल्या डबीकडे बोट करून म्हणाली होती, "सकाळी गोळी देते की."

बस. जी गोळी माणसाच्या पोराला गप करते, ती मांजराच्या पोराला का करणार नाही? मी अक्काच्या खोलीत गेले, डबीतनं मोहरीपेक्षा जराशी मोठी काळी गोळी काढली, आणि घरी येऊन वैद्याच्या थाटात दुधात खलली. कडू असावी, पिल्लानं तोंड वेडंवाकडं केलं. मी त्याचं नाक दाबून सगळं आत घातलं. एक थेंबही वाया जाऊ दिला नाही, ही माझी काटकसर.

थोड्या वेळानं पिल्लू उठलं. पहिल्यांदाच चार पायांवर उठलं. चिपडातनं डोळे उघडले, भले मोठे, काळेभोर. चुलीभोवती गरागरा फिरायला लागलं, भिंतीवर आपटलं, पुन्हा फिरलं. मी टाळ्या पिटल्या. सासूबाईंना सांगितलं, "बघा, कसं हिंडतंय." त्या जोंधळे निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आवाज नाही ना? मग हिंडू दे."

मग ते हिंडता हिंडता कोसळलं. मला वाटलं, दमलं. टोपलीत धोतराच्या चिंधीवर ठेवलं आणि भाकऱ्या करायला बसले. तिसरी भाकरी तव्यावर टाकताना सहज टोपलीत हात घातला. अंग गार लागत होतं. मान उचलली, तर सोडल्यावर ओल्या फडक्यासारखी पडली. श्वास चालू होता, पण एक घेतला की दुसरा घ्यायचा की नाही याचा ते विचार करत असावं. 

कांदा फोडून नाकाशी धरला. पाणी शिंपडलं. हलवलं. बाहेरून सासूबाई म्हणाल्या, "गप बसलंय तर राहू दे हो घरात. मला त्याचं वावडं नाही." म्हणजे राहायची परवानगी मिळाली, आणि राहणारं निघालं. त्यात मला आठवलं, आपल्या हातून मांजर मेलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं. माझ्या अंगावरचं सोनं म्हणजे एक नथ. तिच्यातनं फार तर मांजराची शेपटी झाली असती. आज हसू येतं. तेव्हा पीठ लागलेल्या हातांनी मी टोपलीपाशी बसले होते, आणि नथ गेली तरी चालेल पण हे जगू दे, असं देवाला खरंच म्हणत होते.

दुपारच्या सुट्टीचा भोंगा झाला. अक्का आली ती केसांत कापूस घेऊनच. मी तिला ओढत टोपलीपाशी नेलं.

"अक्का, तुझ्या डबीतली गोळी दिली याला."

ती आधी हसली. "मांजराला अफू? मग सासूलाबी द्यायचीस थोडी. दोगी निवांत."

"अफू?"

"मग काय पेढा व्हय? किती दिलीस?"

"एक."

"आख्खी?" तिचं हसू गेलं. "पोरी, मी माज्या पोराला अर्दी देते."

पुढचं ती बोलली ते सगळं हुकूम. कोरा चहा ठेव. दूध नको, साखर नको, काळा कुट्ट कर. चहा उकळेपर्यंत ती पिल्लाच्या तळपायांवर टिचक्या मारत होती, तोंडावर फुंकत होती. मग मी थेंब थेंब चहा सोडायचा, तिनं गळा चोळायचा. "निजू देऊ नगंस. उबं धर. फिरव." आम्ही त्याला धोतराच्या चिंधीत उभं धरून चुलीभोवती चालवलं. पाय नुसते फरफटत होते.

मधेच अक्का थांबली. उठून आपल्या खोलीत गेली. मी पिल्लू छातीशी धरून तिच्या दारात गेले.

ती झोळीवर वाकली होती. पोराच्या तळव्यावर तिनं टिचकी मारली. पोर हललं नाही. दुसरी मारली. तिसरी जरा जोरात, आवाज येईलशी. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, पाठ दिसत होती, आणि ती पाठ एकदम ताठ झाली. मग पोरानं तोंड वाकडं केलं, डोळे अर्धवट उघडले आणि कुरकुरलं. अक्का मटकन खाली बसली, त्याला पदराखाली घेतलं. ते पिता पिता पुन्हा झोपत होतं, आणि ती त्याचा गाल हलवत होती, अगदी मघाशी पिल्लाचा गळा चोळत होती तशी.

भोंगा झाला. ती पोर झोळीत ठेवून गेली. जाताना एवढंच म्हणाली, "चहा द्येत ऱ्हा."

दुपारभर मी दोन जीवांना जागवत बसले. पिल्लाला चहा, पोराला टिचकी. पोर लवकर जागं झालं आणि सपाटून रडलं. पिल्लू मात्र उन्हं भिंतीवर चढली तरी लोळागोळाच होतं. दिवे लावायची वेळ झाली तेव्हा त्यानं आधी सगळा चहा माझ्या लुगड्यावर ओकला, आणि मग बारीक, फाटक्या आवाजात रडायला सुरुवात केली.

सासूबाई दारात आल्या. हीच ती निकालाची वेळ. मी घाबरून सगळं सांगून टाकलं, डबीपासून टोपलीपर्यंत. त्यांनी वाकून पिल्लाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मारता मारता वाचवलंस. आता त्याला कुठं सोडायचं? पाप घरातच राहू दे, दूध घालत जा त्याला."

तेवढ्यात अक्का कामावरून आली. तिचं पोर माझ्या मांडीवर होतं, पिल्लू पदरात. मला दिवसभर न आलेलं रडू तिला बघून आलं. अक्का, मी किती वेडी, मला एवढंसुद्धा कळलं नाही, असं काहीबाही मी बोलत सुटले. ती उंबऱ्यावर उभी राहून ऐकत होती. मग वाकली.

"तुला ठावंच न्हवतं, तू येडी. मला ठावं हाय, आन् उद्या सकाळी मी परत देणार हाय. सरक, पोर घेऊ दे माजं."