मी पळाले तो दिवस

नातसुनेच्या बाळंतपणासाठी परवा इस्पितळात गेले. तिथं फिनेलचा वास आला आणि मिशनचा तो जुना दवाखाना आठवला.

निजामी अमलाचे ते शेवटचे दिवस होते. तेर गावाजवळच्या मिशनच्या छोट्या दवाखान्यात मी शांताबाईंच्या हाताखाली सुईणीचं काम शिकत होते. एका दुपारी गावात बंदूकवाले घुसले. आरडाओरडा जवळ येऊ लागला. आत एक बाई कळा देत होती. शांताबाईंनी गरम पाणी मागितलं. मी पातेलं खाली ठेवलं आणि मागच्या दारानं ज्वारीत पळाले.

तिसऱ्या दिवशी परतले. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत हे कळूनही पाय उंबऱ्याशीच अडखळले. बंदुकीपेक्षा शांताबाईंच्या नजरेची भीती जास्त वाटत होती.

"मी पळाले, बाई. देवाला काय तोंड दाखवू?"

"व्हय, पळालीस. मी बी पळाले असते, पर माझा हात लेकराच्या डोक्याखाली व्हता." त्यांनी पदरानं माझे डोळे पुसले. "प्रभूनं माफ केलंय, तर राग धरणारी मी कोण? चल, दुसरी बाई अडलीय. आज बाळंतपणाआधीची प्रार्थना तू कर."

तेव्हा मला त्या फार धीट वाटल्या. त्याही तितक्याच घाबरल्या होत्या, हे आता कळतं.

आत अडलेल्या बाईच्या खाटेशी उभी राहून मी प्रार्थना सुरू केली. तेवढ्यात शिवाराकडं गोळीचा आवाज झाला. त्या बाईनं माझं मनगट पकडलं. मी आमेन म्हणेपर्यंत आणि त्यानंतरही तिथंच उभी राहिले.