बरकतीपासून मोजलेली सभा

चिखलीच्या धान्यबाजारात वहाब मापारी पायली भरू लागला की भले भले शेठसुद्धा जीभ आवरून बसत. पहिली पायली ओतताना तो 'एक' म्हणत नसे. 'बरकत' म्हणे, मग दोन, तीन. मध्ये कोणी हटकलं तरी आकडा हलायचा नाही. निकाहात चांदबीनं तीनदा 'कबूल' म्हटलं, तेव्हाही यानं पहिल्याला मनात 'बरकत' धरलं, असं गल्लीत सांगतात. खरंखोटं चांदबी जाणे.

एवढा मोजूनमापून बोलणारा माणूस, आणि हौस कशाची, तर भाषणाची! गावच्या वक्तृत्व मंडळात तीन वर्षं दर रविवारी तो सतरंजी अंथरी आणि दाराशी बसून ऐके. वक्त्यांच्या यादीत नाव काही लागेना. मंडळाचे अध्यक्ष शेषराव वकील; त्यांचा एक डोळा नागपूरच्या कौन्सिलातल्या जागेवर. नियम त्यांचाच, की ज्याला वक्ता व्हायचं त्यानं आधी एका सभेचे गुणदोष उभं राहून सांगायचे. ते पसंत पडले तर पाळी. पण ते काम दर वेळी हेडमास्तरांकडे जाई आणि हेडमास्तर गुणच सांगत. दोष म्हणून त्यांनी आजवर एकदा कंदिलाची काजळी तेवढी काढली होती.

त्या रविवारी हेडमास्तर लग्नाला अमडापूरला गेले. शेषराव मिशीत हसत म्हणाले, "वहाबभाई, आज सभा तुम्हीच मापा!"

मापाऱ्याच्या डाव्या खिशात ज्वारीचे दाणे असायचेच. वहाबनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि कामाला लागला. विषय होता 'वेळेचं मोल'. अध्यक्ष बोलू लागले तसा डाव्या खिशातला दाणा उजव्यात जाऊ लागला. समारोपापर्यंत उजवा खिसा चांगलाच फुगला.

गोड बोललं तर यादीत नाव, खरं बोललं तर जन्मभर सतरंजी. वहाबला हे कळत नव्हतं थोडंच! पण खोटं माप त्याच्या जिभेला ठाऊक नव्हतं. तो उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला,

"बरकत!"

सभा हसून लोटपोट. आजचे वक्ते रंगराव ओरडले, "काय बे वहाब, ज्वारी आली का मापाले?"

"ज्वारी नाही, दोष आले. पहिला दोष सापडला म्हंजे बरकतच समजा. तर बरकत: चारची सभा पावणेपाचाले लागली, काऊन की अध्यक्षसाहेब यायचे व्हते. दोन: रंगरावचं भाषण दहा मिनिटं, त्याची ओळख वीस. नवरदेवापेक्षा वरात लंबी! तीन: वेळ सरल्याची घंटी रंगरावले वाजली, अध्यक्षाले नाही. तेबी माणूस पाहून वाजून राह्यली. चार: अध्यक्षसाहेब बासष्ट डाव 'म्हणजे काय की' म्हणाले. आता गुण. रंगरावनं कागदात डोकं घातलं नाही, लोकाइच्या डोळ्यात पाहून बोलला. सभा तेवढ्यानं तरली."

हशा कुठल्या कुठे विरला. शेषरावांनी चष्मा चढवला.

"बासष्ट? पुरावा?"

वहाबनं उजवा खिसा टेबलावर रिकामा केला.

"म्हणजे काय की, मी स्वतः मोजतो. एक..."

"साहेब, बरकत म्हणा. नाही त माप बिघडते."

"बरं, बरकत! दोन... तीन..." वकीलसाहेब बोटानं दाणे सारत गेले. शेवटी त्यांचा चेहरा फुलला. "त्रेसष्ट! एक जास्त निघाला. साक्षीदार फुटला!"

"फुटला कसा?" वहाब शांतपणे म्हणाला. "मोजाले बसतानी तुम्ही अजून एक डाव म्हटलं. तो दाणा आत्ताच टाकला."

रंगराव टेबलावर हात आपटून हसले. शेषरावही असे हसले की चष्मा नाकावरून घसरला. त्यांनी घंटी उचलून रंगरावांपुढे ठेवली. "पुढच्या खेपेला मलाही वाजवा." मग यादीची वही उघडली. पुढच्या रविवारच्या पानावर पहिला आकडा घालायच्या जागी त्यांनी 'बरकत' लिहिलं, आणि शेजारी, वहाब मापारी.

आठवडाभर वहाब घरी भाषण घोकत होता. चांदबी पदरात ज्वारी घेऊन समोर बसलेली; तो अडखळला की एक दाणा बाजूला.