शेजारच्या बाकावरची गोष्ट

"बोलावल्याशिवाय घरात येत नाय तो व्हॅम्पायर? मग आपल्या शेजाऱ्यांपरीस बरा म्हनायचा!" म्हातारी म्हणाली, आणि तिची सून खळखळून हसली.

माणिकपूरला चर्चच्या आवारात, संध्याकाळच्या मिस्सा प्रार्थनेआधी त्या दोघी रोज बाकावर बसत. सून माझ्याच वयाची. मांडीवरच्या जाड इंग्रजी पुस्तकात बोट घालून ती सासूला व्हॅम्पायरची गोष्ट मराठीत सांगे. त्याचे सुळे दिसायची वेळ आली की सासूचं मनगट धरी, आणि म्हातारीच्या हातातली जपमाळ थांबे.

त्या पुस्तकमालेचे सगळे भाग मी शाळेत असताना दार लावून वाचले होते. तो व्हॅम्पायर फक्त माझा होता. त्याच्याबद्दल मराठीत कुणाशी बोलायला मला कधी जमलंच नाही. शेजारच्या बाकावर मोबाईलमध्ये बघत मी ऐकत असे आणि जळत असे.

काल म्हातारीने विचारलं, "मंग लगीन होते का त्याचं नि त्या पोरीचं?"

"काय माहीत, आई. शेवटचा भाग कुठे मिळतच नाय."

शेवट एका वाक्यात सांगून तिची गोष्ट तिथेच संपवावी, असं मनात आलं. तोंड उघडलं, तर निघालं भलतंच.

"माझ्याकडे आहे. उद्या आणते. पण सांगायला बसाल तेव्हा मलाही बोलवा."