मंगळवार-शुक्रवारचं टेबल

छापखान्यांसाठी मजकूर जुळवून देणाऱ्या त्या छोट्या कचेरीत मुद्रितशोधकाला सगळे वेलांटी म्हणत. उंच अंगकाठी, आणि वर्षानुवर्षं कागदावर वाकून खांदे पुढे झुकलेले. मालकीणबाईंनी कधीतरी थट्टेत ठेवलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. घरी बायकोही दार उघडताना म्हणायची, "आली का आमची वेलांटी?"

कचेरी म्हणजे एका दुकानाच्या वरच्या तीन खोल्या. कामं बहुतेक औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवतात त्या माहितीपत्रकांची. एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने छापील प्रत तपासायची, ही तिथली रीत. दिवसभर शाळेच्या वर्गासारखा गलका असायचा, आणि वेलांटींना त्या गलक्यातच काम सुचायचं.

मग बायकोच्या फुप्फुसांनी दगा दिला. नाकाला नळी आली, उशाशी प्राणवायूचं यंत्र घरघरू लागलं. तिला एकटं सोडण्याची सोय उरली नाही, तेव्हा वेलांटींनी भीत भीत विचारलं, काम घरून केलं तर चालेल का?

"आज तुम्ही मागताय, उद्या सगळे मागतील," बाई म्हणाल्या. "छोटा धंदा आहे माझा. माणसं पांगली की कामही पांगतं."

"एक जरी चूक राहिली तरी परत बोलवा," वेलांटी म्हणाले, आणि बाई तयार झाल्या.

चूक राहिली नाही, कारण घरी बायको वाचत होती. वेलांटींनी टेबल तिच्या पलंगाला खेटून लावलं. ती पडल्या पडल्या मजकूर वाचायची, हे पेन्सिल फिरवायचे. धाप लागली की ती पुढच्या स्वल्पविरामापर्यंत कशीबशी पोचायची आणि तिथे विसावायची.

"चक्कर, मळमळ, तोंडाला कोरड," ती वाचायची. "अहो, हे सगळं मला औषध न घेताच होतंय. तेवढीच बचत."

पण घर आणि कचेरी यांची पार सरमिसळ झाली. ताटाशेजारी कागद, औषधाच्या वेळेला बाईंचा फोन. फोन सुरू असला की ती खोकला उशीत दाबायची, पाणीसुद्धा मागायची नाही.

"अगं, मागायचं ना. मी इथंच तर आहे," वेलांटी चिडायचे.

"इथं कुठं? तुम्ही कामावर होतात," ती म्हणायची. त्यात टोमणा नव्हता. त्यामुळेच ते त्यांना जास्त लागायचं.

बाईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना दिसत होतं ते वेळेवर येणारं चोख काम. एका बैठकीत त्या सगळ्यांना म्हणाल्या, "वेलांटींकडे बघा. घरी बसून कचेरीपेक्षा चांगलं काम करतात. मग आपण एवढी जागा कशाला अडवून बसलोय?" सगळेच खूश झाले, वेलांटीही. दोन खोल्या सोडल्या. उरलेल्या खोलीत दोन टेबलं आणि बसायच्या पाळ्या. वेलांटींच्या वाट्याला मंगळवार आणि शुक्रवार आले. ते कधी गेलेच नाहीत.

थंडी ओसरता ओसरता बायको गेली. दवाखान्यात, सकाळच्या वेळी, ते चहा आणायला खाली उतरले होते तेव्हा. लेक येऊन राहिली, माझ्याकडे चला म्हणाली. "काम आहे गं," एवढंच ते बोलले. लेक परत गेल्यावर त्यांनी यंत्र परत करून टाकलं, आणि घर इतकं गप्प झालं की त्यांना ओळीवर डोळा ठरवता येईना.

त्यांनी बाईंना फोन केला. "मी रोज आलो तर चालेल का?"

"रोज?" बाई म्हणाल्या. "अहो, तुमच्यावरूनच तर सगळं..." वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं. "मंगळवार-शुक्रवार टेबल तुमचंच आहे. बाकीच्या दिवशी ज्यांची लेकरं लहान आहेत ते येतात. घरी त्यांना दोन ओळी धड तपासता येत नाहीत."

वेलांटी मंगळवारी गेले. शेजारच्या टेबलावर कचेरीचे हिशेब बघणारी मुलगी होती. कानाला फोन लावून ती सारखी बोलत होती. दुपारी धीर करून त्यांनी विचारलं, "पानभर वाचून दाखवशील?" ती बिचारी लगेच वाचू लागली, पण तिसऱ्या ओळीला फोन वाजला. "काका, आलेच हं," म्हणाली आणि संध्याकाळपर्यंत आली नाही. मग संगणकच मजकूर वाचून दाखवेल अशी सोय बाईंनी करून दिली. तो आवाज स्वच्छ होता. फक्त कुठेच दम घेत नव्हता, आणि त्याच्यामागे धावता धावता वेलांटींची पेन्सिल मागे पडायची.

पाळी नसलेल्या दिवशीही ते येऊ लागले. कपाटापाशी स्टुलावर बसून मांडीवर कागद घेत. कुणाला त्रास नाही असं त्यांना वाटत होतं. मग बाईंचा फोन आला.

"हिशेबवालीला फोनवर माहेरच्यांशी बोलायला संकोच वाटतो हो, तुम्ही असता तेव्हा. तेवढाच तिला निवांत वेळ मिळतो."

"बरोबर आहे तिचं," वेलांटी म्हणाले.

नंतर एका पत्रकात गोळ्यांचा आकडा चुकीचा राहून गेला. औषधवाल्यांनी छपाईआधी पकडला म्हणून निभावलं. बाई रागावल्या नाहीत. "आता काही दिवस हलकी कामं घ्या," म्हणाल्या, आणि किमतींच्या याद्या पाठवू लागल्या. त्यात वाक्यंच नव्हती.

पुढे वेलांटींनी मंगळवारी जाणंही सोडलं, मग शुक्रवारी. त्या टेबलाचा शुक्रवार हिशेबवालीला मिळाला. त्यांच्या याद्या वेळेवर जातात. आठवड्याची बैठक आता संगणकावर होते, तिथे कॅमेरा बंद ठेवलेला त्यांचा चौकोन काळा असतो. बाई विचारतात, "वेलांटी, आहात ना?" ते म्हणतात, "आहे." मग बैठक पुढे सरकते.