शामरावांचा डबा

परळच्या तीन नंबर चाळीत कोंडीराम कासारेच्या अक्षराला मोठा मान. गिरणीत होता तेव्हा रजेचा अर्ज असो, लग्नाची पत्रिका असो की गावाकडे पाठवायची मयताची तार, लोक त्यालाच गाठायचे. मंडळाची हजेरी, सभेची टिपणं, स्पर्धेची प्रमाणपत्रं, सगळं त्याच्या हातचं. आता सदुसष्टीला आला, गुडघे बोलायला लागले, पण अक्षर होतं तसंच. म्हणून तर मंडळाच्या सेक्रेटरीनं, म्हणजे धोंडूच्या धाकट्या उत्तमनं, तो सतरा पानांचा फॉर्म त्याच्या पुढ्यात आणून ठेवला.

मंडळाचं नाव सांगायची गरज नाही. परळात अशी मंडळं पैशाला पासरी. खो-खो, लेझीम, दहावीच्या पोरांना अभ्यासाला खोली. एका मोठ्या क्रीडासंस्थेनं मुलींचा खो-खोचा संघ दत्तक घ्यायचं कबूल केलं होतं. शिकवायला माणसं देणार, बाहेरगावी खेळायला नेणार. अट एकच. आधी त्यांच्या बाई येऊन तपासणार, इथं मुलं सुरक्षित आहेत का. हे ऐकून चाळीतली म्हातारी खोडं हसली. आपली पोरं, आपलं अंगण, त्यात सुरक्षित-बिरक्षित काय बघायचंय?

उत्तमला मात्र हसू येत नव्हतं. तो बँकेत नोकरीला, कागदाची किंमत ओळखून. महिनाभर त्यानं सगळ्यांना पळवलं. शिकवणाऱ्यांची पोलिसांकडून पडताळणी झाली, मुलींच्या सरावाला दोन मोठी माणसं हवीत आणि त्यातली एक बाई हवी असा नियम झाला, कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी लागली. तक्रारपेटी आली ती कुणा शहाण्यानं कॅरम बोर्डाच्या बरोबर वर ठोकली. संध्याकाळी तिथं दहा काका लोक बसलेले असतात. उत्तम भडकला. कुठली मुलगी दहा काकांच्या डोक्यावरून हात घालून पेटीत चिठ्ठी टाकणार, असं त्यानं विचारलं, आणि पेटी नळाच्या बोळात हलली. सगळे हसले. कोंडीराम हसला नाही. त्याला वाटलं, या पोराला एवढं कळतं, ते आपल्याला त्याच्या वयात का कळलं नाही?

पण हे वाटणंही खोटंच होतं. ते पुढं येईल.

फॉर्म भरता भरता कोंडीराम चौदाव्या प्रश्नाशी आला. मंडळ स्थापन झाल्यापासून मुलांशी गैरवागणूक झाल्याची एखादी तक्रार, लेखी किंवा तोंडी, आली होती काय? आली असल्यास काय केलं? उत्तम म्हणाला, त्यात काय काका, ‘नाही’ लिहा. कोंडीरामनं पेनचं टोपण लावलं आणि डोळे दुखतात म्हणून उठला.

प्रश्नात नुसतं ‘लेखी’ असतं तर तो सुटला असता. ‘तोंडी’ या शब्दानं त्याला धरलं.

ब्याऐंशीचा संप. गिरणीचे भोंगे बंद पडले आणि चाळीतल्या चुली एकेक करून थंड होत गेल्या. मे महिना उजाडेपर्यंत अर्धी चाळ कोकणात गेली होती. गावी निदान पेज तरी मिळेल, एवढाच हिशेब. जी उरली त्यांना शामरावांनी सांभाळलं. हे खोटं नाही, ते मान्यच करायला हवं. शामराव एकटा जीव, मुलींना खो-खो शिकवणारे. दादरच्या बाजारात पहाटे जाऊन उरलीसुरली भाजी ते मागून आणायचे, कुठून कुठून तांदूळ आणायचे आणि स्वतः उपाशी राहून वाटायचे. लोक त्यांच्या पाया पडायचेच बाकी होते. मग सभेत ठरलं, हा माणूस आपल्यासाठी मरतोय, तर याच्या जेवणाचे वार लावू. सात घरं, सात वार. ज्याच्या घरात जे शिजेल त्यातलं पहिलं शामरावांच्या डब्यात, आणि संध्याकाळी खेळ संपला की त्या घरच्या मुलीनं डबा त्यांच्या खोलीवर पोचवायचा. यादी लिहिली कोंडीरामनं, सुंदर अक्षरात. सोमवार भिवाकडे, गुरुवार स्वतःकडे, शुक्रवार धोंडूकडे.

भिवाची कांता तेरा वर्षांची. खांबाला वळसा घालून असा सूर मारायची की बघणाऱ्याच्या पोटात गोळा यावा. भिवा आणि कोंडीराम सूतखात्यात एकाच पाळीला, म्हणून कांता त्याला काका म्हणायची, आणि नुसती म्हणायची नाही, मानायचीही. एका सोमवारी ती मंडळाच्या दारात येऊन उभी राहिली. हजेरी लिहीत होता तो. ती म्हणाली, काका, शामरावमामांचा डबा मी नाही नेणार, दुसऱ्या कुणाला तरी पाठवा. त्यानं का म्हणून विचारलं. ती खाली बघून फ्रॉकचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, ते दार लावतात.

एवढंच. आणि कोंडीराम तिला काय म्हणाला? तो म्हणाला, “माणूस आपल्यासाठी उपाशी मरतोय, आणि तुला चार पावलं डबा न्यायला जड झालं?”

मंगळवारपासून कांता खेळायला आली नाही. आठवडाभर वाट बघून त्यानं हजेरीत तिच्या नावापुढं शेरा मारला, ‘गावी गेली’. त्या पानावर वर-खाली एकोणीस नावांपुढं तोच शेरा होता. संपात कोण कशाला विचारतो? पोर दिसेनाशी झाली की गावी गेली, विषय संपला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

संप संपला म्हणायचा तर संपला, गिरणी काही उघडली नाही. कोंडीराम दादरला एका कचेरीत पहारेकरी म्हणून लागला आणि तिथंच म्हातारा झाला. शामराव वारले त्याला दहा वर्षं झाली. त्यांच्या नावानं दरवर्षी मुलींचा चषक असतो. बक्षिसाची प्रमाणपत्रं अर्थात कोंडीरामच लिहितो. प्रत्येक वेळी ते नाव लिहिताना त्याचा हात जड व्हायचा, आणि प्रत्येक वेळी तो लिहायचा. बोलला कधीच नाही. गेलेल्या माणसाचं कशाला उकरायचं, अशी स्वतःची समजूत घालायचा.

तपासणीला चार दिवस राहिले तेव्हा तो राधाबाईकडे गेला. राधाबाई म्हणजे कांताची आई. भिवा गेला, ती अजून त्याच खोलीत. कांता शिवणकाम करते, शीवला असते, असं तिनं सांगितलं, पत्ताही दिला. वर म्हणाली, पस्तीस वर्षांनी आठवण झाली काय रे तुला? पत्ता खिशात घालून तो निघाला.

शीवला हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत कांताचं छोटं दुकान होतं. ब्लाऊज शिवायची. अठ्ठेचाळिशीची बाई, केस पिकलेले, नाकावर चष्मा. तिनं लगेच ओळखलं. जय भीम केला, स्टूल दिलं, चहा सांगितला. ते आदरातिथ्य त्याला सोसवेना. चहा येईपर्यंत त्यानं सगळं सांगून टाकलं, तपासणी, फॉर्म, चौदावा प्रश्न. म्हणाला, तुझं नाव लिहिणार नाही, पण तू हो म्हणालीस तर खरं लिहीन. आणि मग, जे म्हणायला तो खरं तर आला होता ते म्हणाला. तेव्हा मला कळलं नाही गं पोरी. काळच तसा होता. कळलं असतं तर मी गप्प बसलो असतो का?

कांतानं मशीन थांबवलं. सुईखालचं कापड अलगद सोडवून घेतलं आणि घडी घातली. आवाज चढवला नाही.

“काका, मी गावी कुठं गेले होते? आम्हाला जायला गाव होतं कुठं? मी आमच्या खोलीतच होते, खिडकीत. दोन महिने खिडकीतच बसले होते. मी सांगितलं त्याच आठवड्यात गुरुवारी तुमच्या घरचा वार होता. तुमची कमल डबा न्यायची दरवेळी. त्या गुरुवारी डबा घेऊन तुम्ही गेलात. पुढच्या गुरुवारीही तुम्हीच.”

कोंडीरामनं हातातला कप खाली ठेवला. हे त्यानं स्वतःपासूनसुद्धा लपवलं होतं. पोरीला अभ्यास असतो, मी जातो, असं तो बायकोला, जाईबाईला, म्हणाला होता. जाईबाईनं त्याच्याकडं एकदा नीट बघितलं होतं आणि डबा त्याच्या हातात दिला होता. म्हणजे तिलाही कळलं होतं. सगळ्यांना कळलं होतं, फक्त कुणी बोलत नव्हतं.

कांता म्हणाली, ते बघितलं तेव्हा मला जास्त लागलं. तुम्हाला कळलंच नसतं तर मी म्हटलं असतं, काका भोळे आहेत. मी बरेच दिवस वाट बघितली. तुम्ही खालून एकदा हाक मारली असती ना, मी खेळायला आले असते.

त्याला माफी मागायची होती. पण नुसते डोळे वाहायला लागले. तिनं त्याला रडू दिलं. पाणी दिलं. मग म्हणाली, लिहायचं तर माझं नाव घालून लिहा, मला काही लाज नाही, पण ‘कळलं नाही’ असं लिहू नका. आणि गिऱ्हाईक आलं तशी ती मशीनवर बसली.

तपासणीच्या दिवशी मंडळाची खोली झाडून-पुसून लख्ख केली होती. त्या बाई तिशीच्या असतील, साध्या, गोड बोलणाऱ्या. त्यांनी पेटी बघितली, कडी लावून बघितली, मुलींशी एकटीनं बोलल्या. सगळं बरं चाललं होतं. उत्तमच्या चेहऱ्यावर महिन्याभरात पहिल्यांदा रंग आला. शेवटी फॉर्म उघडला. चौदाव्या प्रश्नाची जागा कोरी. उत्तम चपापला, राहून गेलं असेल मॅडम, ‘नाही’ लिहायचं आहे, असं म्हणत पेन शोधायला लागला.

कोंडीराम उभा राहिला. तोंडी तक्रार आली होती, माझ्याकडं आली होती, असं म्हणाला, आणि कांताचं सगळं सांगितलं. शामरावांच्या नावासकट. खोलीत सात-आठ माणसं होती. शामरावांच्या हातचं खाऊन जगलेलीच बहुतेक. कुणी म्हणालं, म्हातारा भ्रमिष्ट झालाय. कुणी म्हणालं, मेलेल्या माणसावर कसला राग काढतोस रे? एकजण उठून निघूनही गेला.

बाईंनी सगळ्यांना शांत केलं. त्यांना बहुधा म्हाताऱ्याची कीव आली. त्या म्हणाल्या, त्या काळी या गोष्टींची जाणीवच नव्हती, तुमच्या लक्षात आलं नसेल, तसं लिहू या. उत्तमनं सुटकेचा श्वास सोडला. वाट चांगली मोकळी करून दिली होती त्यांनी, नुसतं हं म्हणायचं बाकी होतं.

“लक्षात आलं होतं,” कोंडीराम म्हणाला. “माझ्या मुलीला मी त्या दिवसापासून पाठवलं नाही.”

बाईंचं पेन थांबलं. मग त्यांनी हळूच विचारलं, आणि बाकीच्या मुली?

बाकीच्या जात होत्या, त्यानं सांगितलं. कुणाला काही बोललो नाही. भिवाचा सोमवार रिकामा झाला तेव्हा यादी मीच पुन्हा लिहिली आणि तो वार दुसऱ्या घराला जोडून दिला. त्या घराला मग दोन वार झाले, सोमवार आणि शुक्रवार. बाईंनी विचारलं, कुठल्या घराला? कोंडीराम उत्तमकडं बघायचं टाळत होता, पण आता बघावंच लागलं.

“धोंडूच्या. चंपा न्यायची.”

चंपा म्हणजे उत्तमची थोरली बहीण. तेव्हा चौदा वर्षांची. आता बदलापूरला असते, दोन नातवंडं आहेत, आणि माहेरी आली तरी मंडळाच्या खोलीत पाय ठेवत नाही. त्याचं घरात कुणाला कधी नवल वाटलं नव्हतं. उत्तम तेव्हा पाच वर्षांचा होता. त्यानं विचारलं, “ताई किती दिवस नेत होती, काका?”

“लग्न ठरेपर्यंत.”

उत्तमनं खिशातून फोन काढला, बहिणीचा नंबर काढला आणि तसाच हातात धरून बसला. काय विचारायचं ते त्याला सुचेना, आणि कसं विचारायचं ते सांगायला कोंडीरामलाही येईना. पस्तीस वर्षांत त्यानं ते कधी कुणाला विचारलंच नव्हतं.