सोनेरी काठाचं चिलखत

नंदनवन वस्तीतल्या पुष्पलताबाईंकडे ब्लाउज शिवायला टाकायचा, तर आधी त्यांची लढाई संपायची वाट पाहायची. वय त्रेपन्न, गळ्यात टेप, चष्म्याला दोरी आणि हातात मोबाइल. मोबाइलमधल्या गेमात त्यांनी स्वतः घडवलेली एक बाई, कमरेला तलवार. तिचं नाव रणरागिणी वगैरे असेल असं वाटतं, पण नाही. ठेवलं शेजारणीचं, देवकी. शेजारच्या देवकीबाईंना हे कळलं तेव्हा त्या तणतणत आल्या.

"काय वं, मी मरते का त्याच्यात?"

"रोज दोनदा," पुष्पलताबाई शांतपणे म्हणाल्या.

गेम शिकवला लेकीनं, अश्लेषानं. ती बंगळुरूला नोकरीला. फोनवर मायलेकींचं बोलणं "जेवली?" आणि "हो" इतक्यावर येऊन ठेपलं होतं. गेममध्ये मात्र रोज संध्याकाळी तासभर लेकीचा आवाज कानात: "आई, डावीकडे! आई, पळ नं!" जेवणाचा विषयच नाही. तो एक तास पुष्पलताबाई जिवापाड जपत.

लढण्यात त्यांचं लक्ष बेताचंच. सगळा जीव पोशाखात. देवकीचं नाक ठरवायला चार दिवस, अंबाड्याला आठवडा. झग्याला कोणता रंग शोभेल म्हणून मोबाइल घेऊन थेट मॅचिंग सेंटरवर गेल्या. दुकानदारानं बिचाऱ्यानं अस्तराचे वीस-पंचवीस गठ्ठे उलगडले.

"किती मीटर देऊ, ताई?"

"कापड नाही पाहिजे जी. रंगाचं नाव तेवढं सांगा."

पुढे अश्लेषाच्या टीमनं, म्हणजे मायलेकी आणि आणखी चार पोरांनी, दोन महिने झुंजून एक चिलखत मिळवलं. आई फार मरते म्हणून तिनं ते आईला देववलं. चिलखत दणकट, पण रंग शेवाळी आणि अंगावर बसतं पोत्यासारखं. कडेला मात्र सोनेरी नक्षी, थेट पैठणीचा काठ. आता साडी विरली की आपल्याकडे बाई काय करते? काठ उसवून नव्या कापडाला लावते. गेममध्येही वस्तू मोडून तिचे सुटे भाग काढायची सोय होतीच.

पुष्पलताबाईंनी लेकीला फोन करून विचारलं, "त्या चिलखताचा काठ काढून माझ्या झग्याले लावू का वं?"

अश्लेषा ऑफिसच्या कामात बुडालेली. "हो हो, कर ना."

यांनी बटण दाबलं. काठ हाती आला, चिलखत गेलं ते कायमचं.

शनिवारी मोठी लढाई होती. देवकी सोनेरी काठाच्या झग्यात नवरीसारखी उतरली आणि पहिल्याच फटक्यात आडवी झाली. तिच्यामागोमाग सगळी टीम.

"काकू, चिलखत कुठाय?" टीमचा म्होरक्या दुर्गेश म्हणाला.

"मोडलं."

कानात अश्लेषा कडाडली, "आई! दोन महिने लागले त्याले! विचारलं काहून नाही मले?"

"राग नका मानू काकू," दुर्गेश म्हणाला, "पण आता तुम्हाला टीममध्ये ठेवणं कठीण आहे."

उत्तर पुष्पलताबाईंच्या अगदी ओठांवर होतं. भांडणात वार आणि वेळेसकट पुरावा देणारी बाई ही; गल्लीत कोणालाही विचारा. पण चार परकी पोरं ऐकत होती, त्यांच्यापुढे लेक खोटी पडली असती. आणि खरं सांगायचं तर पुढचंही सांगावं लागलं असतं: ते "हो हो" ऐकतानाच त्यांना कळलं होतं, की पोरीनं ऐकलेलं नाही. कळूनही बटण दाबलं. काठाचा मोह.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "काढा मले."

नंतरचे तीन दिवस ब्लाउज वेळेच्या आधी तयार. गिऱ्हाइकं खूश. देवकीबाई तेवढ्या दारात दोनदा डोकावून परत गेल्या.

चौथ्या दिवशी दुपारी फोन आला.

"आई, मी हो म्हटलं होतं ना?"

"म्हटलं होतं."

"मग सर्वांसमोर सांगितलं काहून नाही?"

"तू ऐकून नव्हती राहिली, हे मले माहीत होतं बाई. मीच फायदा घेतला."

"मी रोजच असं ऐकते का वं तुझं?"

पुष्पलताबाईंनी सुईत दोरा ओवायचं निमित्त केलं. "रोज नाही. सणावाराले बरोबर ऐकते."

अश्लेषा हसली, पण पुरतं नाही. "सध्या काय शिवून राहिली तू?"

कितीतरी वर्षांत पोरीनं हे विचारलं नव्हतं. पुष्पलताबाईंनी सुई-दोरा बाजूला ठेवला, खुर्ची पंख्याखाली ओढली आणि रामदासपेठेतल्या एका डॉक्टरीणबाईच्या बाह्यांपासून सुरुवात केली.